पट्टे जाळ्याचे की गणिताच्या पायरीचे?

हा संगणकावर चालवलेल्या चेतापेशींच्या (न्यूरॉनच्या) जाळ्याचा रास्टर आलेख. आडव्या अक्षावर एक सेकंद, उभ्या अक्षावर एक हजार न्यूरॉन. एक ठिपका म्हणजे एक स्पाइक, पेशीचा क्षणिक विद्युत ठोका. ठिपके उभ्या पट्ट्यांत गोळा होतात, कधी सेकंदाला दहाच्या आसपास, कधी चाळीसच्या. ताल द्यायला कोणी नाही. बाहेरून येतो तो निव्वळ यादृच्छिक प्रवाह.

हे यूजीन इझिकेविच यांचं 2003चं प्रारूप. हॉजकिन आणि हक्सली यांना 1952मध्ये म्हाकुळाच्या जाड चेतातंतूसाठी चार समीकरणं लागली होती. इथे दोनच, एक व्होल्टेजचं, एक सावरण्याचं, म्हणजे स्पाइकनंतर पेशीला थोपवणाऱ्या चलाचं. 800 उद्दीपक (इतरांना चेतवणाऱ्या) पेशी, 200 निरोधक (थोपवणाऱ्या), प्रत्येक प्रत्येकीला जोडलेली. उद्दीपक जोडणीचं वजन, म्हणजे बळ, 0 ते 0.5, निरोधकाचं 0 ते उणे 1. व्होल्टेज 30 मिलिव्होल्टला पोचलं की स्पाइक नोंदवायची, ते उणे 65 ते उणे 50 दरम्यान खाली आणायचं आणि सावरण्याच्या चलात भर घालायची; साध्या उद्दीपक पेशीत 8.

प्रोग्राम जेमतेम पानभर. गोची वेळेच्या पायरीत आहे.

संगणक वेळ तुकड्यातुकड्यांनी पुढे नेतो; तो एक तुकडा, म्हणजे पायरी, 1 मिलिसेकंदाची. व्होल्टेज तेवढं अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदात दोनदा मोजतात. पण समीकरणात व्होल्टेजचा वर्ग आहे. 29 मिलिव्होल्टवरची पेशी पुढच्या दोन अर्ध्या पायऱ्यांत 1,400च्या वर उडते! स्पाइकची तपासणी होते ती त्यानंतरच्या पायरीत, आणि दरम्यान हाच फुगलेला आकडा सावरण्याच्या समीकरणात शिरतो. उद्दीपक पेशीत 5च्या वर फुकटची भर पडते, म्हणजे ठरवलेल्या 8च्या निम्म्याहून जास्त. उपाय सोपा: सावरण्याचं चल मोजण्याआधी व्होल्टेज 30वर छाटायचं.

पायरी लहान करणाऱ्यांची फसगत वेगळी. मूळ प्रोग्राममध्ये स्पाइकचा प्रवाह एक पायरीभर टिकतो. पायरी 0.1 केली, तर तो दहापट कमी वेळ टिकतो आणि जोडण्या दुबळ्या पडतात. त्याची भरपाई वजनांत करावी लागते. यादृच्छिक प्रवाहाचंही प्रमाण बदलावं लागतं, मात्र पायरीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं.

पट्टे डोळ्यांनी मोजू नयेत. सगळ्या पेशींच्या सरासरी व्होल्टेजचं कालिक प्रसरण (वेळेनुसार होणाऱ्या चढउताराचं माप) घ्या, त्याला एकेकट्या पेशींच्या प्रसरणांच्या सरासरीनं भागा. सगळ्या एका तालात असतील तर उत्तर 1. तालच नसेल तर पेशी वाढवल्यावर ते शून्याकडे उतरतं. सुरुवातीचे काही शे मिलिसेकंद टाकून द्या. पेशी दुप्पट करताना वजनं निम्मी करा. नाही केली तर प्रत्येकीला येणारा सरासरी प्रवाह दुप्पट होतो, आणि दिसणारा बदल आकाराचा नसून त्या जादा प्रवाहाचा असतो.