साठा दिवसांत मोजा
(कोल्हापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, 'रिमवर्ल्ड' या वसाहत चालवायच्या संगणक-खेळातली कॉलनी उपाशी मरते तेव्हा बहुतेक वेळा पीक आलेलं असतं, गोदामात रचलेलं असतं आणि तिथंच नासलेलं असतं. म्हणून आज शेती बाजूला ठेवू.

तापमानाचा नियम पक्का करा. 10 अंश सेल्सिअस आणि त्यावर माल पूर्ण वेगानं नासतो. 0 ते 10 मध्ये वेग अंशाच्या प्रमाणात उतरतो: 5 अंशांना निम्मा, 1 अंशाला एक दशांश. शून्याखाली नासणं थांबतं. 10 च्या वर मग 15 काय नि 35 काय, सारखंच. खोली 35 वरून 15 वर आणायला वीज जाळली, तर धान्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता मुदती. कच्चं मांस 2 दिवस, शिजवलेलं साधं जेवण 4, बेरी 14, बटाटा 30, तांदूळ 40, मका 60. खेळातलं वर्षच 60 दिवसांचं, म्हणजे मका छपराखाली नुसता ठेवला तरी पुढच्या हंगामापर्यंत पोचतो. फ्रीझरची जागा मांसाला आणि तयार जेवणाला द्या.

इथं एक गोष्ट बारकाईनं बघा. मांस शिजवलं की त्याची मुदत 2 वरून 4 दिवस होते. तांदूळ शिजवला की 40 वरून 4 होते! पोत्यात टिकणारा माल आपण स्वतःच चुलीवर ठेवून नाशवंत करतो. म्हणून स्वयंपाकाचं बिल, म्हणजे चुलीला दिलेला कामाचा हुकूम, कायम चालू ठेवू नका, ठरावीक संख्येपर्यंतच लावा. माणशी रोज साधारण दोन जेवणं लागतात. सहा माणसांना 24 चा साठा म्हणजे दोन दिवसांची सोय. फ्रीझर बंद पडला तरी नासायच्या आत संपेल.

ढीग एकत्र झाले की वयाची सरासरी निघते, हेही ध्यानात असू द्या. दीड दिवस जुने 50 मांसाचे नग आणि ताजे 25 मिसळले, की सगळे 75 एक दिवस जुने. शिवाय गोठवल्यानं वय मागं जात नाही. बर्फ वितळला की घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढं चालतं.

कूलरला 90 स्टील, 3 कॉम्पोनंट (यंत्राचे सुटे भाग) आणि 200 वॅट लागतात. निळी, गार हवेची बाजू आत; लाल, गरम हवेची बाजू उघड्यावर. लाल बाजू बंद खोलीत काढली तर तिथं उष्णता साठते, आणि दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक वाढला की कूलरचा जोर कमी होतो. बसवल्यावर तो 21 अंशांवर असतो. हे बदलायचंच राहून जातं. उणे 10 वर लावा. सोलर फ्लेअरमध्ये, म्हणजे सूर्यावरच्या वादळात, बॅटरीसकट सगळी वीज जाते, तेव्हा हे दहा अंश हाताशी राहतात. भिंत दुहेरी घ्या आणि दोन दरवाजांच्या मधे एक चौकोन रिकामा ठेवा, म्हणजे हमालीच्या ये-जा करण्यानं गारवा निघून जात नाही.

आपल्याकडं तोडलेला ऊस ठेवून चालत नाही, उतारा घसरतो. म्हणून गुऱ्हाळ लावून गूळ करतात आणि तो टिकतो. पेमिकनचं, म्हणजे मांस आणि भाजीपाला मिसळून केलेल्या टिकाऊ खाद्याचं, गणित हेच. 5 मांस आणि 5 भाजीपाला किंवा धान्य घातलं की 16 नग होतात, आणि ते बिनफ्रीझरचे 70 दिवस राहतात. शिकार जोरात झाली की आधी पेमिकन लावा. पॅक केलेलं सर्व्हायव्हल मील तर कधीच नासत नाही. ते लांबच्या प्रवासासाठी राखून ठेवा.

शिकार रानात पडून राहिली तर अडीच दिवसांत कुजते आणि मग कापता येत नाही. उचलून आणण्याचं काम वरच्या प्राधान्यावर ठेवा. कापायचं टेबल मात्र स्वयंपाकघरात नको. रक्तानं जमीन घाण होते आणि जेवणातून विषबाधा होते.

झीज हा वेगळा प्रकार. कपडे, शस्त्रं, औषधं उघड्यावर पडली की फ्रीझर असो नसो, झिजतात, पावसात जास्तच. त्यांना छप्पर हवं किंवा शेल्फ. घाई असेल तर आधी शेल्फ बांधा, कारण शेल्फवरचा माल छपराविनाही झिजत नाही.