पंच: उच्चार एक, घराणी तीन

नमस्कार, श्रोतेहो.

एसटीच्या जुन्या कंडक्टरांच्या हातातला चिमटा तुम्हाला आठवत असेल. तिकीट फाडायचं, चिमट्यात धरायचं, खट्, की कागदाला बारीकसं भोक. दोन थांब्यांच्या मध्ये तोच चिमटा दांड्यावर वाजवत 'तिकीट, तिकीट' म्हणत ते मागे सरकायचे. 'तिकीट पंच करा' हे शब्द मी तेव्हा ऐकले. घरी मात्र पंच म्हणजे वाद मिटवणारी, पंचनाम्यावर सही करणारी माणसं. हे दोन्ही शब्द एकच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ते एक नाहीत.

निवाडा करणारा पंच आपला, पाचातला. चिमट्याचा पंच इंग्रजीतला. तो लॅटिनमधल्या टोचणे या अर्थाच्या 'पुंगेरे' क्रियापदातून फ्रेंचमार्गे आला. सायकलचं पंक्चर त्याच मुळाचं, पेन्सिलीचा पॉइंटही त्याच मुळाचा. मध्ययुगीन इंग्रजीत पंच करणं म्हणजे काठीने ढोसून गुरं पुढे काढणं. आपल्याकडे पराणीने बैल हाकतात तसं. त्या ढोसण्यातूनच पुढे मुठीचा ठोसा आला.

या टोचणाऱ्या पंचाचे मराठीवर मोठे उपकार आहेत. खिळ्यांची छपाई होती तेव्हा प्रत्येक अक्षर आधी पोलादी कांबीच्या टोकावर उलटं कोरावं लागे. ती कांब तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की अक्षर आत उमटे, आणि त्या साच्यात ओतलेल्या धातूचा खिळा तयार होई. कोरलेल्या त्या कांबीला इंग्रजीत पंच म्हणतात. एखाद्या वेलांटीची रेघ केसभर जाड झाली, तर प्रत्येक पानावर ती जाडच उमटणार! बंगालमध्ये हे काम पंचानन कर्मकार यांनी केलं. १७७८ साली छापलेल्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सबरोबर त्यांनी अक्षरं घडवली, आणि पुढे बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात देवनागरीचं काम केलं. त्याच छापखान्यातून १८०५ साली विल्यम केरीचं मराठी व्याकरण बाहेर पडलं. पंच कोरणाऱ्या कारागिराचं नाव पंचानन, म्हणजे पाच मुखांचा. दोन्ही शब्दांचं काडीचंही नातं नाही, तरी ते एका माणसाच्या हातात एकत्र आले. मला याचं अजून नवल वाटतं.

दुसरा इंग्रजी पंच म्हणजे बाहुल्यांच्या खेळातला बाकदार नाकाचा, काठी उगारणारा इसम. हा इटलीच्या रंगभूमीवरचा पुल्चिनेल्ला. ९ मे १६६२ रोजी सॅम्युएल पेपिसने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तो इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि रोजनिशीत नोंदवला. इंग्रजांनी लांब नाव तोडून 'पंच' केलं. १८४१ साली लंडनमध्ये निघालेल्या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाने तेच नाव घेतलं. मुंबईत १८५४ साली 'पारशी पंच' निघालं, आणि पुढे त्याचंच 'हिंदी पंच' झालं. इथल्या वाचकाला त्या नावात गावचा पंचही ऐकू आला असणार.

आता तिसरा, मेजवानीत मोठ्या वाडग्यातून पळीने वाढतात तो पेय-पंच. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात तो १६३२ सालापासून सापडतो. काही अभ्यासक त्याला खलाशांच्या पंचन नावाच्या पिंपाशी जोडतात. मला ते पटत नाही, कारण कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याची साक्ष. १६७०च्या दशकात तो आपल्या किनाऱ्यावर वावरला. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो, की गोव्याच्या नेरुळला उत्तम अराक, म्हणजे गाळलेली दारू, बनते, तिच्यापासून इथले इंग्रज हे पेय करतात आणि पाच जिनसांवरून त्याचं हे नाव पडलं. अराक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. बार्देशातलं हे नेरुळ आजही नकाशावर आहे.

आणि गंमत अशी, की आपला 'पाच' आणि इंग्रजांचा 'फाइव्ह' हे मुळात एकाच प्राचीन शब्दाचे वंशज. इकडचा 'पंच' त्या पेयाबरोबर गलबतात बसून लंडनला पोचला, तेव्हा त्याचा भाऊ तिथे कित्येक शतकांपासून नांदत होता.