हाकेला येणारी माणसं

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मी लांबण लावत नाही.

पैशाला मी नावं ठेवणार नाही. पैशासाठीच आपण घरदार सोडून इथं आलो, आणि ज्यानं ओढाताण पाहिलीय तो पैशाला कधी तुच्छ मानत नाही. पण श्रीमंतीचं आणखी एक खातं असतं, आणि त्यासाठी मला इर्जिकीबद्दल बोलायचंय. इथं वाढलेल्या मुलांनी हे नाव ऐकलंही नसेल.

देशावरच्या काळ्या रानात जड लाकडी नांगर एका बैलजोडीला ओढत नसे. तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढी जनावरं बाळगणं थोड्यांनाच परवडायचं. मग सावड करायची: आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. आणि एखाद्याचा बैल दगावला, घरात आजारपण आलं, पेरणी तोंडावर येऊनही रान तसंच पडून राहिलं, की तो इर्जिक घालायचा. लोक आपापली औतं घेऊन यायचे आणि दिवसभरात रान उलथून टाकायचे. मजुरी नाही, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं, एवढंच.

सगळं गोड होतं असं नाही. जातीची वेस तिथंही होती, आणि चुलीपुढं राबणाऱ्या बायकांचे कष्ट कुणी हिशेबात धरत नव्हतं. पण दारात एकच जोडी असलेल्या माणसाच्या शेतात वेळेला दहा जोड्या उभ्या राहायच्या, ही त्याची मत्ता होती. सावकाराला ती गहाण ठेवून घेता येत नव्हती. पुढे ट्रॅक्टर आला, नांगरट तासाच्या भाड्यावर होऊ लागली. काम हलकं झालं खरं, पण शेजाऱ्यावाचून अडेनासं झालं.

आपलंही तेच झालंय. आपल्यातली जुनी मंडळी आली तेव्हा विमानतळावर घ्यायला कुणीतरी यायचं, पहिल्या थंडीतला कोट कुणाचा तरी वापरलेला असायचा. आता टॅक्सी आहे, सामान हलवायला माणसं मिळतात, बाळंतिणीचा डबासुद्धा ॲपवर. पैसे टाकले की कुणाचे उपकार नकोत.

चहाच्या टेबलावर दरवर्षी आपण एक वही ठेवतो. ‘मी काय करू शकतो’ हा रकाना मागच्या वर्षी समासापर्यंत भरला होता. ‘मला काय हवंय’ या रकान्यात एकही नाव नव्हतं. एवढ्या कुटुंबांत वर्षभर कुणाचं काहीच अडलं नाही? मला नाही पटत. मागायची लाज वाटते आपल्याला, दुसरं काय! पण ज्याचं रान पडून आहे त्यानं सांगितल्याशिवाय औतं येणार कशी?

म्हणून यंदा त्या रकान्यात पहिलं नाव मी माझं घातलंय. नोव्हेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. काही आठवडे गाडी चालवता येणार नाही, आणि मंगळवारी व शुक्रवारी फिजिओथेरपीला जायचंय. कोण नेतंय, ते जेवण झाल्यावर वहीत लिहा. खाली बरीच जागा मोकळी आहे, तिथं तुमचीही अडचण लिहा.