सिंहगड चढताना दम लागतो, मग गुडघा उतरतानाच का बोलतो?

नमस्कार मंडळी!

रविवारी सकाळी आतकरवाडीत, जिथून सिंहगडाची पायवाट सुरू होते ना, तिथे दहा मिनिटं नुसते उभे राहा आणि लोकांचे पाय बघा. वर जाणारे सगळे धापा टाकतायत, दर वळणावर पाणी पितायत, पण पाऊल नीट पडतंय. आणि खाली येणारे? त्यांना दम नाही, गप्पा जोरात चालल्यात, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही पोटात गेलंय, पण पाय लटपटतायत, कुणी आडवं होऊन उतरतंय, कुणी मित्राचा खांदा धरलाय आणि कुणीतरी म्हणतंच, गुडघे गेले राव.

आता खरं तर चढणं अवघड आणि उतरणं सोपं असायला हवं ना? मग दुखतं उतरताना, असं का? आज तेच बघूया, कारण हे एकदा समजलं की हाडं, सांधे, स्नायू हे सगळं एकत्र कसं चालतं ते कळतं, आणि शाळेत पाठ केलेल्या त्या २०६ हाडांच्या आकड्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

आधी एक गोष्ट करून बघा, आत्ताच, व्हिडिओ थांबवू नका. जमिनीवर पाय लांब करून बसा, मांडी एकदम सैल सोडा. आता अंगठा आणि बोटाने गुडघ्याची वाटी धरा आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवा. हलतेय ना? चक्क सरकते. आता पाय तसाच ठेवून मांडी घट्ट आवळा. आणि परत हलवून बघा. जाम!

(कॅमेरा गुडघ्याजवळ)

हे काय झालं सांगतो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत, जिमवाले ज्यांना क्वाड्स म्हणतात ते. हे चारही खाली येऊन एका जाड टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यात, मिसळतात, ती वाटी त्या टेंडनच्या आतच बसलेली असते, आणि तिथून खाली तो पट्टा नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो. वाटीच्या खाली बोट फिरवत या, नडगीवर एक उंचवटा लागेल, हा इथे, तिथेच चिकटतो. म्हणजे वाटी इतर हाडांसारखी हाडाला हाड जोडून बसलेली नाही, ती स्नायूच्या ओढीत अडकवलेली आहे. मांडी सैल तर वाटी सैल, मांडी ताठ तर वाटी ताठ. आणि तिचं काम काय, तर त्या टेंडनला सांध्यापासून थोडं पुढे उचलून धरणं, त्यामुळे स्नायूने तेवढाच जोर लावला तरी पाय सरळ करायला ताकद जास्त मिळते. जाता जाता सांगतो, बाळ जन्मतं तेव्हा ही वाटी हाडाची नसतेच, नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक, असते, साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षात तिचं हाड बनायला लागतं. मला ही गोष्ट फार भारी वाटते.

बरं, आता स्नायू. स्नायूबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तो फक्त ओढू शकतो. ढकलू शकत नाही, कधीच नाही. म्हणून स्नायू जोडीने असतात, पुढचे क्वाड्स गुडघा सरळ करतात, मागचे हॅमस्ट्रिंग तो वाकवतात. ओढतो कसा? स्नायूच्या आत दोन प्रकारचे अगदी बारीक धागे असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. मायोसिनला छोटी छोटी डोकी असतात, ती ॲक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा थोडं पुढे पकडतात, अगदी रस्सीखेच खेळताना आपण हाताने दोर खेचत जातो तसं. धागे स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी एकाच वेळी मांडलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही टीममध्ये एक एक हक्सली होता, ह्यू हक्सली आणि अँड्र्यू हक्सली, एकमेकांचे नातेवाईक नाहीत बरं का.

आता आलो मुद्द्यावर. रस्सीखेचीत तीन गोष्टी होऊ शकतात. तुम्ही जिंकताय, म्हणजे दोर तुमच्याकडे येतोय, स्नायू आखूड होतोय. बरोबरी आहे, दोर जागच्या जागी. किंवा तुम्ही जोर लावताय तरी दोर हळूहळू समोरच्याकडे चाललाय. गड चढताना तुमच्या मांडीचे स्नायू पहिलं काम करतात. उतरताना ते तिसरं काम करतात! पुढचा पाय खालच्या दगडावर टेकायच्या आधी तुमचं अख्खं वजन मागच्या, वाकलेल्या पायावर असतं, आणि त्याच्या क्वाड्स लांब होत होत, पण सोडून न देता, तुम्हाला हळूच खाली उतरवत असतात. ब्रेकचं काम. त्यांनी हात सोडला तर तुम्ही सरळ खालच्या दगडावर आदळाल.

यावर १९५२ चा इंग्लंडमधला एक सुंदर प्रयोग आहे. दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या, साखळीने जोडल्या. एक जण नेहमीसारखं पेडल मारणार, दुसऱ्याने फक्त ते पेडल उलटं येताना पायाने अडवायचं. दोघांच्या पायावर जोर सारखाच. आणि मोजलं काय, तर अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे लोकांसमोर करून दाखवलं तेव्हा पेडल मारायला एक तगडा तरुण आणि अडवायला एक लहानखुरी बाई होती, आणि तिने त्याला बघता बघता दमवलं.

म्हणून उतरताना दम लागत नाही. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जोर तेवढाच, पण लांब होत होत तो पेलायला शरीर कमी धागे कामाला लावतं, म्हणजे प्रत्येक धाग्यावर ताण जास्त. काही धागे आतल्या आत सूक्ष्म पातळीवर फाटतात, मग तिथे सूज येते, मग दुरुस्ती सुरू होते, आणि हे सगळं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे रविवारी गड केला की सोमवारी दुखतं आणि मंगळवारी त्याहून दुखतं, बिल्डिंगचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. याला लोक लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणतात. नाही हो, ते तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं, मंगळवारपर्यंत थांबत नाही. हे धाग्यांचं दुखणं आहे आणि ते आपोआप भरून येतं.

मग गुडघा का दुखतो? सांध्यावर येणारा भार म्हणजे फक्त तुमचं वजन नाही. स्नायू ओढतो तेव्हा तो दोन हाडं एकमेकांवर दाबतो सुद्धा. जर्मनीत काही पेशंटना सेन्सर लावलेले कृत्रिम गुडघे बसवून हे प्रत्यक्ष मोजलंय, सपाट रस्त्यावर चालताना वजनाच्या साधारण अडीच पट, आणि जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या एका गुडघ्यावर, एका पायरीला, दोनशे किलोच्या वर. आणि त्यात वाटी मागच्या बाजूने मांडीच्या हाडावर दाबली जाते, जेवढा गुडघा जास्त वाकलेला तेवढी जास्त. मांडी ताजी असते तोवर हे सगळं नीट सांभाळलं जातं. पण दोन तास चढून मग उतरताना ती थकली की ब्रेक सुटायला लागतो, पाऊल धपकन पडतं, गुडघा आत झुकतो, आणि तो झटका सांध्याला बसतो. म्हणजे बोलतो गुडघा, पण थकलेली असते मांडी. माझं म्हणणं आजच्या व्हिडिओत एवढंच आहे.

आता ते वंगण. गुडघ्यातलं वंगण संपलं, हे वाक्य पुण्यात प्रत्येक घरात कुणीतरी बोललेलं असतं. निरोगी गुडघ्यात ते द्रव मुळात चमचाभरही नसतं! आणि ते डब्यातल्या तेलासारखं संपत नाही, सांध्याच्या आतलं अस्तर ते सतत बनवत असतं. उलट गुडघा बिघडला की ते बऱ्याचदा वाढतं, गुडघ्यात पाणी झालं म्हणतात ते तेच. झिजते ती कूर्चा, हाडांच्या टोकावरचं ते गुळगुळीत पांढरं आवरण. आणि या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. मग ती जगते कशावर? त्याच द्रवावर. पाऊल टाकलं की ती दबते, आतलं पाणी बाहेर पडतं, पाऊल उचललं की फुगते आणि पोषण घेऊन पाणी परत आत येतं. म्हणजे गुडघे जपायचे म्हणून जे लोक चालणंच बंद करतात ना, मला त्यांची खरंच काळजी वाटते, कारण त्यांच्या कूर्चेचं जेवणच कमी होतं, वर मांडी बारीक होते ती वेगळीच. हाडांचंही तसंच, हाड म्हणजे निर्जीव खांब नाही, जुनं खरवडून काढणाऱ्या आणि नवीन भरणाऱ्या पेशी त्यात कायम कामात असतात आणि जिथे भार येतो तिथे ते भक्कम होतं.

गुडघा वाजतो त्याचं काय? नुसता कट्‌ आवाज येतो आणि दुखत नाही, तर सोडून द्या, बहुतेक वेळा त्या द्रवातल्या वायूच्या बुडबुड्याचा किंवा टेंडन हाडावरून सरकल्याचा आवाज असतो. पण गुडघा सुजतोय, मध्येच अडकतोय, पाय टेकला की दगा देतोय, रात्री झोपेत ठणकतोय, तर व्हिडिओ बघत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकीच्यांनी काय करायचं? उतरायची प्रॅक्टिस. सगळे चढायची करतात! पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, त्या चढताना हवं तेवढं थांबा, पण उतरताना प्रत्येक पाऊल मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश टेकवा, आवाज न करता. पहिल्या वेळी मांडी दुखेल, पण स्नायूची एक मस्त सवय आहे, असं एकदा दुखून भरून आलं की पुढचे काही आठवडे तेच काम केलं तरी तो खूप कमी दुखतो. म्हणून गडाच्या आधी दोन आठवडे हे करा. गडावर उतरताना पावलं छोटी टाका, उड्या मारू नका, काठी असेल तर तिच्यावर भार द्या, आणि खाली पोचायच्या घाईत शेवटच्या टप्प्यात पळू नका, मांडी तेव्हाच सगळ्यात थकलेली असते.

आणि पर्वतीला जायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी, बिल्डिंगमध्ये लिफ्ट असेल तर वर जाताना खुशाल लिफ्टने जा, पण खाली येताना जिन्याने या, कठड्याला हात लावून, सावकाश. आधी दोन मजले, मग चार.