जुन्या चित्रपट-मासिकांतलं एक नाव कसं शोधावं

मित्रहो,

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात 'कम्युनिकेशन आर्ट्स' नावाचा विभाग आहे. चित्रपट, रेडिओ, टीव्ही आणि वक्तृत्व तिथे एकाच छपराखाली शिकवतात. या विभागाच्या अलीकडच्या संशोधनात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'लँटर्न' हे शोधसाधन. डेव्हिड पियर्स यांनी सुरू केलेल्या 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी'त जुनी चित्रपट-मासिकं आणि धंद्याची साप्ताहिकं जमत होती. एरिक हॉइट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तो सगळा साठा शब्दावरून शोधता येईल असा केला. आज तिथे २५ लाखांहून जास्त पानं आहेत आणि ती कोणालाही मोफत पाहता येतात. मुंबईहून बाबूराव पटेल काढत त्या 'फिल्मइंडिया'चे बरेच अंकही त्यात आहेत, म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे.

आधी पान आत कसं जातं ते पाहू. बांधीव खंड इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या पाळण्यात ठेवतात, वरून काच टेकवतात आणि दोन कॅमेरे डावं-उजवं पान टिपतात. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. लँटर्न शोधतं ते या मजकुरात, पण दाखवतं मूळ पानाचं चित्र. ही सोय फार महत्त्वाची आहे, कारण मजकूर चुकलेला असला तरी पान समोर असतं.

आणि मजकूर चुकतोच. रोमन 'आर' आणि 'एन' चिकटून छापले की यंत्राला 'एम' दिसतो आणि 'मॉडर्न'चं 'मोडेम' होतं. जाहिरातीतली हाताने काढलेली वळणदार अक्षरं बहुधा वाचलीच जात नाहीत. बांधणी घट्ट असेल तर शिवणीकडची अक्षरं गिळली जातात. तीन स्तंभांचं पान असेल तर यंत्र कधी आडवं वाचत जातं आणि दोन वेगळ्या बातम्यांचं एक वाक्य होतं. या चुका निदान पडताळता येतात. त्याहून वाईट म्हणजे, बाइंडिंग करताना कित्येक ग्रंथालयांनी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली. जे पान खंडातच नाही, ते कुठलंही यंत्र शोधून देणार नाही.

आता मोजणीकडे येतो. मॅडिसन आणि माँट्रियलचं कॉन्कॉर्डिया विद्यापीठ यांनी मिळून 'आर्कलाइट' हा प्रकल्प केला. एकेक नाव शोधत बसण्याऐवजी हजारो नावांची यादी द्यायची आणि प्रत्येक नाव कुठल्या वर्षी किती पानांवर आलं ते काढायचं, अशी त्यांची पद्धत. पण त्यांचं खरं श्रेय मी दुसऱ्याच गोष्टीला देईन. आकडा तीन बाजूंनी तपासल्याशिवाय वाचू नये, हे त्यांनी पद्धतीतच बसवलं: यादी कोणी आणि कशी केली, साठ्यात काय आहे आणि काय नाही, आणि यंत्र मोजतं कसं.

उदाहरणासाठी आकडे मनाने घेऊ. साठ्यात १९३८ ची १,२०० पानं आहेत आणि एका नटीचं नाव ६० पानांवर आहे. १९४३ ची ६०० पानं आहेत आणि नाव ४५ पानांवर. नुसत्या आकड्यांवरून वाटेल की तिचा बोलबाला कमी झाला. टक्केवारी काढली तर ५ वरून ७.५ झालेली दिसते. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे पानं कमी होणं स्वाभाविक. शिवाय इथे पानं मोजली जातात, उल्लेख नव्हे. एका पानावर नाव दहादा आलं तरी ते एकच, आणि जाहिरातीतलं नाव आणि टीकेतलं नावही सारखंच.

'फिल्मइंडिया' इंग्रजी आहे, तरी आपली नावं शोधताना एका स्पेलिंगवर थांबू नका. 'शांताराम' आद्याक्षरासह आणि त्याशिवाय, 'दुर्गा' आणि 'दुर्गाबाई', 'संत तुकाराम' आणि नुसतं 'तुकाराम', असं सगळं टाकून पाहा. शांता आपटे यांचं आडनाव एकटं टाकलं तर दुसऱ्याच आपट्यांची पानं येतील. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं तर ओळीच्या शेवटी तुटलेलं नाव निसटेल. म्हणून दोन्ही करून पाहावं.

हेच काम मराठी मासिकांवर करायचं म्हटलं की अडचणी वेगळ्या होतात, आणि मला खरं तर याबद्दलच बोलायचं आहे. जुन्या खिळ्यांत 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसतो. त्यामुळे 'खोटे'चं 'रवोटे' होऊ शकतं. शिरोरेषा तुटली की एका शब्दाचे दोन होतात. 'द्ध', 'द्य', 'द्व' ही जोडाक्षरं आपसांत मिसळतात. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमध्ये मराठीची सोय आहे, पण स्कॅन ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) खाली नको आणि बारीक टाइप असेल तर ४०० घ्यावा. फार काळपट पान असेल तर आधी पार्श्वभूमी उजळून घ्यावी, मात्र मूळ स्कॅन तसाच वेगळा जपून ठेवावा.

यंत्राने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं तरी काम संपत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी 'नांव', 'कांहीं', 'पुण्यांत' असंच छापलं जाई. आज आपण 'नाव' टाकू आणि पान हाती लागणार नाही. तेव्हा शोधाच्या मजकुरातून अनुच्चारित अनुस्वार काढलेली एक समांतर प्रत ठेवावी. सरसकट सगळे काढू नयेत, नाहीतर 'शांता'ची 'शाता' होईल. आणि आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: 'प्रभातने', 'प्रभातच्या', 'शांतारामांनी', 'तुकारामाचा'. पूर्ण शब्द जुळवणारा शोध यातलं एकही देणार नाही. शब्दाच्या सुरुवातीवरून शोध घ्यावा लागतो, आणि मग 'प्रभातफेरी'ही येणार हे धरून चालावं.

म्हणून मोजणी छापण्याआधी दोन चाचण्या करा. सापडलेल्यांपैकी ५० पानं चिठ्ठ्या टाकून उचला, उघडून पाहा आणि किती चुकीची निघाली ते लिहा. मग एक अंक हाताने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, नाव जिथे जिथे आलं ती पानं टिपा आणि त्यातली किती यंत्राने दिली ते ताडून पाहा. दोन्ही आकडे निबंधात तक्त्याच्या खालीच द्या, परिशिष्टात नको.