महिन्याचे ८० तास : अमेरिकेतली अन्नमदत आणि कामाची अट

(दृश्य : किराणा दुकानाचा गल्ला. यंत्रातून सरकणारं ईबीटी कार्ड.)

अमेरिकेत गरीब कुटुंबाला किराणा घेता यावा म्हणून सरकार दर महिन्याला या कार्डावर पैसे भरतं. योजनेचं नाव स्नॅप. २००८ पर्यंत तिला फूड स्टॅम्प म्हणत. आपल्याकडे रेशनच्या धान्यासाठी कुणी कामाचा दाखला मागत नाही. तिथे धडधाकट माणसाला तो द्यावा लागतो.

ही अट १९९६ च्या कायद्याने आली. ३६ महिन्यांत तीन महिने मदत मिळेल. त्यापुढे हवी असेल तर महिन्याला ८० तास काम किंवा मान्य प्रशिक्षण. सुरुवातीला ही अट पन्नाशीच्या आतल्या, घरात लहान मूल नसलेल्यांना होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती वयाच्या ६४ वर्षांपर्यंत नेली. मुलांमुळे मिळणारी सूट आता मूल १४ वर्षांखालचं असेल तरच. माजी सैनिकांना आणि बेघरांना २०२३ मध्ये दिलेली सूटही काढून घेतली. गरोदर बाईला आणि आजारामुळे काम न झेपणाऱ्याला सूट आहे. पण कचेरीला कळलंच नाही, तर ती कागदावरच राहते. म्हणून मुलाखतीत आपणहून सांगायचं, आणि मागितला तर डॉक्टरांचा दाखला द्यायचा.

(दृश्य : पगाराच्या पावत्या. तासांच्या रकान्यावर कॅमेरा.)

हे आकडे नीट बघा. पहिल्या आठवड्यात २२ तास, मग २०, मग १६, मग १८. बेरीज ७६. दुकानात गिऱ्हाईक कमी, म्हणून मालकाने पाळ्या कापल्या. कामगार कामाला नाही म्हणाला नव्हता. तरी चार तासांपायी अख्खा महिना त्या तिनांत मोडू शकतो. यावर वाट आहे, ती फार थोड्यांना सांगितली जाते : तास जोडता येतात. चार तास मान्य प्रशिक्षणाचे, किंवा एखाद्या संस्थेत विनामोबदला केलेल्या आणि लेखी नोंद असलेल्या कामाचे, घातले की ८० भरतात. नुसतं घरी बसून नोकरी शोधल्याचे तास धरत नाहीत. आजारपणामुळे किंवा येण्याजाण्याचं साधन नसल्याने काही दिवस बुडाले आणि नोकरी टिकून असेल, तर ते कारणही कळवावं. ते मान्य होऊ शकतं.

काही ठिकाणी वर्कफेअर असतं. मदतीची रक्कम भागिले किमान वेतन, तेवढे तास सार्वजनिक काम. एकट्या माणसाला २०२५-२६ मध्ये बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २९८ डॉलर मिळतात. संघीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. म्हणजे ४१ तास. राज्याचं किमान वेतन जास्त असेल तर तास आणखी कमी. ८० च्या मानाने हे निम्मं ओझं, पण अशी सोय सगळीकडे नसते.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत मजूर काम मागतो, काम देणं शासनाची जबाबदारी, आणि मस्टरही यंत्रणाच भरते. अमेरिकेत काम शोधायचं मदत घेणाऱ्यानेच आणि पुरावाही जपायचा त्यानेच. व्हर्जिनिया राज्यातल्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा अटीमुळे निम्म्याहून अधिक लोक योजनेबाहेर गेलेले दिसले. रोजगारात वाढ दिसली नाही.

(दृश्य : रुग्णालयातल्यासारखी खाट. विद्यार्थिनी चादर बदलते आहे.)

प्रशिक्षण मात्र खरंच उपयोगी पडू शकतं. हा नर्सिंग असिस्टंटचा वर्ग. संघीय नियमाने किमान ७५ तास, त्यातले १६ देखरेखीखाली प्रत्यक्ष सरावाचे. अडचण बहुतेकदा शिकण्यात येत नाही. गणवेश, बूट, परीक्षा शुल्क, बसभाडं, आणि वर्ग चालू असताना मूल कुणाकडे ठेवायचं, यात येते. स्नॅपच्या प्रशिक्षण विभागाकडून हे आवश्यक खर्च मिळू शकतात. वर्ग सुरू होण्याआधी मागावेत. कॉलेजने किंवा संस्थेने आधी स्वतः खर्च करायचा, मग त्यातला निम्मा केंद्र सरकार परत करतं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. गाठीशी पैसा नसलेली छोटी संस्था यात उतरूच शकत नाही, आणि गरीब वस्तीत तर अशाच संस्था असतात. निधीची ही रचना बदलायला हवी.

मदत बंद झाली, तर कोणत्याही सलग ३० दिवसांत ८० तास भरून पुन्हा अर्ज करता येतो. नंतर ते कामही सुटलं तर आणखी तीन महिने मिळतात, पण ३६ महिन्यांत एकदाच आणि सलग. पुढच्यासाठी ते राखून ठेवता येत नाहीत.