वळसे बरोबर, तरी आवाज फाटका

(बडोद्यातल्या मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात झाली आहे, हे मला ठाऊक आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत पत्रे कापणारे आहेत, वाइंडिंगवायर ओढणारे आहेत, टेस्टिंगला बसणारे आहेत. तेव्हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगत बसणार नाही. मला बोलायचं आहे ते तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या एका लहान भावंडाबद्दल. तळहातावर मावेल असा हा नग जुन्या लो फ्रीक्वेन्सी रेडिओ ट्रान्समीटरच्या पोटात असतो आणि त्याला ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तो दुरुस्त करताना तुमची कारखान्यातली एक पक्की सवय आडवी येते. आज मुख्यतः त्या सवयीबद्दलच बोलायचं आहे.

बडोद्याला हा विषय परका नाही. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हापासून हातात हत्यार घेऊन शिकण्याची रीत या गावात आहे. आणि स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची म्हणून जी पाच रेडिओ केंद्रं देशात होती, म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदा, त्यांत आपलं गाव होतं. ट्रान्समीटर इथे तेव्हापासून आहेत आणि ते दुरुस्त करणारे हातही.

आता लो फ्रीक्वेन्सी म्हणजे कुठली? पुस्तकी व्याख्येनं ३० ते ३०० किलोहर्ट्‌झ. युरोपात या पट्ट्यात लाँगवेव्हवर गाणी-बातम्या लागायच्या. इंग्लंडात ड्रॉइटविचचं केंद्र १९३४ पासून तिथेच होतं. आपल्याकडे लाँगवेव्हवर प्रसारण नव्हतं, आपलं सगळं मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह. आपल्याकडे या पट्ट्याशी खरी ओळख विमानतळांची. विमानाला दिशा दाखवणारे बीकन, ज्यांना एनडीबी म्हणतात, ते १९० किलोहर्ट्‌झपासून वर चालतात. बीकन सतत कॅरियर, म्हणजे सूर वाहून नेणारी रेडिओ लहर, पाठवतो आणि त्यावर १०२० हर्ट्‌झचा सूर चढवून मोर्समध्ये स्वतःचं नाव सांगत राहतो. वैमानिकाच्या समोरची सुई कॅरियरकडे वळते, पण सुई वळली म्हणून तो विश्वास ठेवत नाही. कानाला नाव ऐकू आलं, तरच ते केंद्र खरं.

हा सूर कॅरियरवर चढतो त्या वाटेवर आपला ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. तो गेला तर ट्रान्समीटर बंद पडत नाही. मीटर सगळे जागेवर, अँटेनात करंट पूर्ण, आणि तरी बीकन निरुपयोगी, कारण तो मुका झालेला असतो. एवढाशा नगावर इतकं अवलंबून आहे, म्हणून मला त्याबद्दल कळकळीनं बोलावंसं वाटतं.

त्याचं काम नीट समजून घेऊ. प्लेट मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) प्लेटला जाणाऱ्या विजेवरच सूर चढवण्याच्या पद्धतीत, त्या व्हॉल्व्हला जेवढी डीसी पॉवर जाते, तिच्या निम्मी ऑडिओ पॉवर लागते, तेव्हा पूर्ण शंभर टक्के मॉड्युलेशन होतं. शेवटच्या स्टेजला ४०० वॅट जात असतील तर २०० वॅट ऑडिओ हवा. एवढा ऑडिओ काढायचा तर क्लास ए मध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह सतत चालू ठेवून, वीज फुकट जाते, व्हॉल्व्ह तापतात. आरसीएच्या लॉय बार्टन यांनी १९३१ साली दाखवून दिलं की दोन लहान व्हॉल्व्ह क्लास बी मध्ये पुशपुल जोडले, म्हणजे लाटेचा अर्धा-अर्धा भाग आळीपाळीनं उचलतील असे, आणि त्यांचे ग्रिड (करंट कमीजास्त करणाऱ्या आतल्या जाळ्या) पॉझिटिव्हपर्यंत नेले, तर त्यांतून बरीच मोठी पॉवर निघते. त्यानंतर वर्षानुवर्षं ट्रान्समीटरचे मॉड्युलेटर याच पद्धतीनं बांधले गेले.

पण ग्रिड पॉझिटिव्ह झाला की तो करंट खायला लागतो. एरवी ग्रिड काहीच मागत नाही, त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ अनंत. आणि सुराच्या शिखरावर, त्या क्षणापुरता, तोच ग्रिड हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. म्हणजे एकाच सायकलमध्ये लोड शून्यापासून भरपूर असा हलत राहतो, आणि तोही आळीपाळीनं, एकदा सेकंडरीच्या या अर्ध्यावर, एकदा त्या अर्ध्यावर. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरनं ही मागणी व्होल्टेज न झुकू देता पुरवायची. म्हणून तो बहुधा स्टेपडाउन असतो. प्रायमरी ते अर्धी सेकंडरी असं तीनास एक प्रमाण धरलं, तर हजार ओहमचा ग्रिड ड्रायव्हरला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या व्हॉल्व्हला, नऊ हजार ओहम दिसतो. ड्रायव्हरला ते पेलतं.

इथे तुमची सवय आडवी येते. वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरला तुम्ही मुद्दाम इंपिडन्स ठेवता. नेमप्लेटवर साडेचार टक्के लिहिलेलं असतं. का? उद्या बाहेर शॉर्ट झालं तर करंट आवाक्यात राहावा. लीकेज, म्हणजे एका वाइंडिंगचं दुसऱ्यापर्यंत न पोचणारं चुंबकत्व, तिथे संरक्षण देतं. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरमध्ये लीकेज शत्रू आहे. ग्रिड एकाएकी करंट मागतो आणि मध्ये लीकेज इंडक्टन्स बसलेला, म्हणजे नेमक्या शिखरावर व्होल्टेज झुकणार. शिवाय तोच इंडक्टन्स ग्रिडच्या कपॅसिटन्सशी जमून भलत्याच फ्रीक्वेन्सीवर डोलायला लागतो. ज्याला आपण पॅरासिटिक म्हणतो तो प्रकार.

एका बीकनमधला असा नग माझ्याकडे आला होता तेव्हाची गोष्ट सांगतो. तो एका वर्कशॉपमधून रिवाइंड होऊनच आला होता. कारागीर उत्तम, हात साफ, एकही वळसा चुकलेला नव्हता. रेशो तपासला, बरोबर. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, बरोबर. सेटमध्ये घातला, मॉड्युलेशन कमी ठेवलं तोवर सूर स्वच्छ. वाढवायला गेलं की फाटायचा. लहरीचा आकार दाखवणाऱ्या स्कोपवर पाहिलं तर प्रत्येक शिखराच्या अलीकडे एक खाच, आणि खाचेच्या पुढे शिखरावर लव आल्यासारखी बारीक थरथर.

त्या कारागिरानं आत पूर्ण प्रायमरी, वर कागद, त्यावर पूर्ण सेकंडरी असं गुंडाळलं होतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरचीच सवय, त्यात त्याचा दोष काय म्हणायचा? पण त्याच सेटमधला जोडीचा जुना नग उघडला तर आतली मांडणी वेगळी निघाली. आधी अर्धी प्रायमरी, मग मधल्या पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना सेकंडरीचे दोन अर्धे शेजारी शेजारी, आणि वर पुन्हा उरलेली अर्धी प्रायमरी. सेकंडरी दोन्हीकडून प्रायमरीच्या मिठीत. एवढ्यानं लीकेज साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं. आणि दोन्ही अर्धे सारखेच दूर असल्यानं पुशपुलच्या दोन बाजूंना सारखाच न्याय मिळतो. तसं गुंडाळलं, खाच गेली, थरथर गेली.

म्हणून माझं सांगणं एवढंच: वळसे मोजणं हे काम सोपं आहे, मांडणी वाचणं हे खरं काम. जळका नग उलगडताना मशिनवर लावून भरकन सोडू नका. एकेक थर हातानं सोडा. कुठला थर कुठे संपला, तार कुठल्या बाजूनं बाहेर आली, दोन थरांत किती कागद होते, वाइंडिंगची दिशा कोणती, वहीत लिहा, मोबाइलवर फोटो घ्या. जुने कागदही फेकू नका. मायक्रोमीटरनं त्यांची जाडी मोजा. ज्यानं तो पहिल्यांदा बनवला, त्यानं घेतलेला प्रत्येक निर्णय त्या थरांत लिहिलेला असतो, आणि ड्रॉइंग कुठेच मिळत नाही, तेव्हा तेवढाच कागदपत्र आपल्या हातात असतो.

कागदाच्या जाडीचं का म्हणतो? हल्ली पॉलिएस्टर फिल्म मिळते, पातळ आणि मजबूत. ती जरूर वापरा. पण अंतर कमी झालं की लीकेज आणखी घटतं आणि दोन वाइंडिंगमधला कपॅसिटन्स वाढतो. बीकनमध्ये एकच १०२० हर्ट्‌झ जायचा असतो, तिथे चालून जातं. प्रसारणाच्या सेटमध्ये, जिथे ५० हर्ट्‌झपासून कित्येक किलोहर्ट्‌झपर्यंत सगळं सरळ जायला हवं, तिथे वरचे सूर बिघडतात. आणि इन्सुलेशनवर खरा ताण किती, हेही पाहा. प्रायमरी ड्रायव्हरच्या प्लेटला, म्हणजे समजा अधिक ६०० व्होल्टवर. सेकंडरीचा सेंटर टॅप बायसला, म्हणजे ग्रिडच्या स्थिर उणे व्होल्टेजला, समजा उणे १०० वर. मधल्या कागदाला ७०० व्होल्ट सतत आणि वर सिग्नल.

आता हे नग मरतात कशानं? जळून मरणारे कमी. बहुतेक ओपन होतात, आणि तेही आपल्या पावसाळ्यानंतर. उलगडत गेलात तर कोअरला लागून असलेल्या अगदी आतल्या थरात हिरवट पूड लागलेला एक ठिपका सापडतो, आणि तिथे ३८ गेजची तार, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, कुजून तुटलेली असते. कारण साधं आहे. प्रायमरी सतत पॉझिटिव्ह, कोअर अर्थला. कागदात ओल शिरली की किंचित करंट झिरपतो आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जातं. टेलिफोन एक्स्चेंजची बॅटरी उणे ४८ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थला, ठेवण्यामागेही हेच कारण आहे, तारा कुजू नयेत म्हणून. त्यामुळे नवं वाइंडिंग करताना कोरडं करण्यात हयगय नको. आधी भट्टीत शंभर अंशांच्या आसपास काही तास, मग गरम असतानाच वार्निश, मग पुन्हा भट्टी. जुना कागदी नग असेल तर १०५ अंशांच्या वर जाऊ नका, ती त्या इन्सुलेशनची हद्द आहे. टोकाच्या सांध्यांना ॲसिडवाला फ्लक्स मुळीच लावू नका, हिरवी पूड तिथूनही सुरू होते.

दुसरं मरण पंक्चरचं. सेकंडरीवर दोन रेझिस्टर समांतर लावलेले असतात. काही जण त्यांना फालतू समजून काढतात किंवा जळलेले दिसले तरी बदलत नाहीत. ग्रिड करंट घेत नसतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरला तेवढाच आधार असतो. ड्रायव्हर पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह) असेल आणि लोडच नसेल, तर व्होल्टेज कुठच्या कुठे उसळतं. ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधी ते रेझिस्टर मोजा, नाहीतर नवा नगही त्याच वाटेनं जाईल.

कोअरबद्दल. ड्रायव्हर एकाच व्हॉल्व्हचा असेल तर प्रायमरीतून डीसी वाहतो, आणि पत्रे सगळे ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला, मध्ये पातळ कागदाची फट, असे बसवलेले असतात. ती फट मुद्दाम आहे. उघडताना ती लक्षात आली नाही आणि परत बसवताना सवयीनं एकाआड एक पत्रे गुंफले, तर कोअर सॅच्युरेट होऊन, म्हणजे चुंबकत्वानं पूर्ण भरून, खालचे सूर जातात. पुशपुल ड्रायव्हरमध्ये उलट, दोन डीसी एकमेकांना मारतात, तिथे गुंफलेलेच हवेत. आणि निकेलच्या मिश्रधातूचे पत्रे असतील तर हातोडी दूर ठेवा. ठोक्यानं, वाकवल्यानं त्यांची चुंबकीय गुणवत्ता जाते.

(एका श्रोत्यानं विचारलं: दोन अर्ध्यांचा रेझिस्टन्स वेगळा आला तर नग बाद समजायचा का?)

काका, चांगलं विचारलंत, कारण यापायी चांगले नग भंगारात गेलेत. दोन अर्धे एकावर एक गुंडाळलेले असतील, तर वरच्याचा प्रत्येक वळसा घेरानं मोठा, तार जास्त, म्हणून रेझिस्टन्स जास्त. वळसे सारखेच असतात. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स अंशाला ०.३९ टक्के बदलतो. जानेवारीच्या सकाळी घेतलेलं माप आणि मेच्या दुपारचं माप यांत सहज दहा टक्के फरक पडतो. मल्टिमीटरवर निकाल देऊ नका. सिग्नल जनरेटरनं प्रायमरीला एक किलोहर्ट्‌झ, एखादा व्होल्ट द्या आणि दोन्ही अर्ध्यांवर व्होल्टेज मोजा. ते सारखं हवं. मग इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर प्रायमरीला लावून आधी एक अर्धी शॉर्ट करा, मग दुसरी. दोन्ही लीकेजची मापं जवळजवळ सारखी यायला हवीत. दोन्ही अर्धे उघडे असताना प्रायमरीचा इंडक्टन्स जोडीच्या चांगल्या नगापेक्षा फारच कमी दिसला, तर आत कुठेतरी वळसा शॉर्ट आहे.

(दुसरा प्रश्न: घरी जुना सेट असेल तर स्वतः उघडावा का?)

एकट्यानं नको. हाय टेन्शनचे कंडेन्सर स्विच बंद केल्यावरही भरलेले राहतात, त्यांना रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल तर बराच वेळ. अर्थची काठी लावल्याशिवाय हात आत घालू नये, आणि काठी तिथेच टांगून ठेवावी. जुने सीलबंद, तेल भरलेले कंडेन्सर फोडू नका, त्यांत पीसीबीसारखं विषारी तेल असू शकतं. डांबर भरलेला ट्रान्सफॉर्मर असेल तर ज्योत लावू नका, बाहेरच्या डब्याला हळू ऊब द्या आणि खिडकी उघडी ठेवा.

दुरुस्त नग पहिल्यांदा चढवताना शेवटच्या स्टेजचं हाय टेन्शन काढून ठेवा, मॉड्युलेटरला डमी लोड, म्हणजे खऱ्या स्टेजऐवजी रेझिस्टर, द्या. आधी बायस आलं का ते पाहा, मग मॉड्युलेटरच्या प्लेटचं व्होल्टेज व्हॅरियाकनं (व्होल्टेज हळूहळू बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) चढवा. क्रम उलटला तर व्हॉल्व्ह लाल होतात. नंतर सूर हळूहळू वाढवत शिखरं स्कोपवर पाहा. तिथे खाच नसेल तर शेवटची स्टेज जोडायला हरकत नाही.